काळा रंग बघून घेतलेला टीव्ही

बसऱ्याच्या अश्शार बाजारात अबायाचं, बायका अंगभर पांघरतात त्या काळ्या झग्याचं, कापड विकणाऱ्या रस्मियाला कोणी काळ्या रंगाबद्दल शिकवायला गेलं, तर ती त्याला आधी बसायला सांगायची आणि मग उठता येऊ नये असं बोलायची. निळ्यावर जाणारा काळा, तपकिरी मारणारा काळा, दोन धुण्यांत राख होणारा काळा, सगळे तिला चिमटीत धरून कळत. नवरा गेल्यावर दुकान तिनेच चालवलं होतं. शाळेत ती दोन इयत्ता गेली होती आणि तेवढंही जास्तच झालं, असं तिचं मत होतं.

अशा बाईचा टीव्ही ऐन रमजानच्या तोंडावर बंद पडला.

टीव्हीचं दुःख कोणाला होतं! दुःख बैठकीचं होतं. रोजा सुटला की सगळं कुटुंब रस्मियाकडे मालिका बघायला जमायचं, ही सासऱ्यांपासूनची रीत. ज्याच्या घरी बैठक, त्याचा शब्द चालायचा. कोणाची मुलगी कुठे द्यायची, कोणाशी बोलणं टाकायचं, सगळं तिथेच ठरायचं. मागच्या रमजानात तिच्या जावेने, उम्म निझारने, भिंतभर टीव्ही घेतला आणि निम्मी बैठक गल्ली ओलांडून तिकडे गेली. यंदा उरलेली निम्मी गेली, तर रस्मियाने हुकूम कोणाला सोडायचे? उशांना?

म्हणून ती मुलाला, गझवानला, आणि त्याच्या बायकोला, इब्तिहालला, घेऊन टीव्हीच्या दुकानात गेली. इब्तिहालच्या बापाचं झुबैर गावी टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं. तिला नेलं ते ओझं धरायला, सल्ला द्यायला नव्हे.

दुकानात इतके दिवे लावले होते की माणसाला स्वतःची सावलीही सापडू नये. विक्रेता केसांना तेल चोपडून उभा होता.

"या हाजिया, डोक्यावर घेतो तुम्हाला! हा बघा. याचा कॉन्ट्रास्ट पन्नास लाखास एक!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे यातला पांढरा यातल्या काळ्याच्या पन्नास लाख पट उजळ."

"कोणी मोजलं? तू?"

"कंपनीने, हाजिया."

"माझ्या कापडालाही मीच चांगलं म्हणते," रस्मिया म्हणाली. "पुढचं बोल."

इब्तिहाल हळूच म्हणाली, "अम्मा, तो आकडा खरा नसतो. दिवा पूर्ण विझवून काळा मोजतात आणि पूर्ण पेटवून पांढरा. दोन्ही एका वेळी कधीच दिसत नाहीत."

"उम्म निझारसारखं. पाहुणे असले की मध, गेले की मिरची."

सून हसली, तिला धीर आला. "टीव्हीचा काळा हा रंग नसतोच, अम्मा. पडद्यामागे दिवे असतात. त्यांचा उजेड जितका अडेल तितकं काळं. या चकचकीत टीव्हीचे दिवे नुसते कडेला आहेत, ते कोपऱ्यांतून गळतात. तो पलीकडचा बघा. त्याचे दिवे सगळ्या पाठीवर आहेत, आणि जिथे चित्र काळं तिथले तेवढे मंद होतात. यांना म्हणावं दुकानातले दिवे घालवा, अंधारात दोन्ही बघू."

"अंधारात?" रस्मियाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाइकाने रात्री कापड निवडायला मागितलं असावं. "काळं उजेडात बघतात, पोरी. तू गप्प बस. ए तेल्या, दोन्ही बंद कर."

विक्रेत्याने दोन्ही टीव्ही बंद केले. रस्मियाने अंगावरच्या अबायाचा पदर आधी पलीकडच्या पडद्याला लावला. तो राखट दिसला. मग चकचकीत पडद्याला लावला, तर पदर कुठे संपला आणि पडदा कुठे सुरू झाला ते गझवानलाही सांगता येईना.

"हा काळा! हाच बांध."

"वा हाजिया, काय नजर!" विक्रेता म्हणाला. पलीकडचा टीव्ही विकायला त्याला पुष्कळ बोलावं लागलं असतं, हा बंद असतानाच विकला गेला. कापड काही पेटवून-विझवून वापरत नाहीत, हे वाक्य इब्तिहालच्या ओठांवर आलं होतं. पण गप्प बस म्हटल्यावर शहाणी सून गप्प बसते आणि वेळेची वाट बघते.

पहिल्या रोज्याला रश्श्यात भिजवलेल्या रोटीची तश्रीब झाली, दुधाची गोड महल्लबी झाली, सुक्या लिंबाचा चहा फिरला आणि सगळं कुटुंब टीव्हीसमोर येऊन बसलं. उम्म निझारसुद्धा आली होती. जळायला आली होती, पण आली होती. खोलीत सगळे दिवे लावलेले होते आणि पडदा असा काळाभोर की बायका त्यात बघून ओढण्या सारख्या करत होत्या.

मालिका सुरू झाली आणि सरकारी वीज गेली. त्यात नवल काय! गल्लीतला जनरेटर धडधडला. पण रस्मियाने जनरेटरवाल्याकडून विकत घेतलेले अँपिअर मोजकेच होते. त्यात कूलर आणि टीव्ही चालायचा, तिसरं काही लावलं की सगळंच बंद. म्हणून रिवाजाप्रमाणे दिवे विझले.

मालिकेतही रात्र होती. एक विधवा अबाया पांघरून, खंजीर घेऊन, खजुरीच्या बागेत नवऱ्याच्या खुन्याच्या मागावर निघाली होती. निदान संगीतावरून तसं वाटत होतं. पडद्यावर मात्र पातळ ताक पसरलं होतं आणि चारही कोपऱ्यांत चार चंद्र उगवले होते.

"बाई कुठाय?" म्हाताऱ्या चुलत दिराने विचारलं.

"बागेत, चाचा," गझवान म्हणाला.

"आणि बाग कुठाय?"

गझवानने घाईने उजेड वाढवला. ताकाचं दूध झालं.

"हसू नका ग," उम्म निझार सगळ्यांत आधी हसत म्हणाली. "रस्मियाने कापड बघून घेतलाय म्हणे! आमच्याकडे बाई दिसते आणि बागही दिसते. दिवे लावून बघतो आम्ही. माझ्या मुलाच्या, निझारच्या, मेव्हण्याचाच जनरेटर आहे, अँपिअरला काय तोटा? चला सगळे. चहा परत टाकते."

ती अबाया सावरत उठली. तिच्यामागे दिराची सून उठली, मग दोन भाच्या. म्हातारा दीर चपला शोधू लागला.

रस्मियाने पडद्याकडे पाहिलं. राखट. दोन धुण्यांतला. असा तागा एखाद्या व्यापाऱ्याने तिच्या गळ्यात मारला असता, तर तिने तो भर बाजारात त्याच्या तोंडावर फेकला असता. इथे तोंड तिचं होतं.

इब्तिहाल कोपऱ्यात हाताची घडी घालून बसली होती. सगळं माहीत असलेल्या माणसासारखी.

"काय बघतेस?" रस्मिया खेकसली.

"मला गप्प बसायला सांगितलंय, अम्मा."

रस्मियाने दाराकडे पाहिलं. म्हाताऱ्याला एक चप्पल सापडली.

"बोल," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "माझं चुकलं असेल. तू बोल."

इब्तिहाल उठली. रिमोटने तिने पडद्यामागचा उजेड पार खाली आणला. मग स्वयंपाकघरातला चार्जिंगचा दिवा आणून टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्याला जनरेटरचा अँपिअर लागत नव्हता.

"अंधाराला डोळे सरावले की राखही उजळ दिसते," ती म्हणाली. "मागच्या भिंतीवर थोडा उजेड पडला की डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात. टीव्ही तोच आहे, पण आता काळा दिसेल."

चंद्र पुरते मावळले नाहीत, पण फिके पडले. ताक दाटून काळं झालं, त्यातून खजुरीचे बुंधे वर आले, आणि बुंध्याआड अबाया दिसली. चांगल्या पोताची होती. खंजीरही दिसला.

"बस ना, बाई," म्हाताऱ्याने उम्म निझारला सांगितलं. "आडवी येतेस."

उम्म निझार बसली. "खून होईपर्यंतच हं," ती म्हणाली. खून काही पहिल्या भागात झाला नाही.

भाग संपल्यावर तिनेच विषय काढला. रस्मियाच्या तोंडून 'माझं चुकलं' तिला पुन्हा ऐकायचं होतं.

"अक्कल सुनेची म्हणायची तर, रस्मिया."

"सुनेचीच," रस्मियाने चहाचा घोट घेतला. "आणि सून कोणी निवडली? गझवानने तर ती दुसरी निवडली होती, गोरी, कपाळावर उजेडच उजेड. मीच म्हटलं, या उजेडामागे काही नाही."

सगळे हसले, गझवान सोडून. इब्तिहालने रिकामे पेले गोळा करायला हात पुढे केला, तर रस्मियाने तो धरून तिला आपल्या शेजारी, गादीवर, बसवलं आणि दिराच्या सुनेकडे बघून म्हणाली, "पेले तू उचल. मघाशी उठायची फार घाई होती ना तुला?"