बंद पडलेला कूलर

"दुसरा संदेश अडवला, पेशी घटल्या. एवढं लिहायला हात धजत नाही तुझा?" मार्गदर्शक प्रेमराज सरांनी चेलनाचा प्रबंध टेबलावर आपटला.

छातीतल्या थायमस ग्रंथीत रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी घडतात. तिथे पेशीला शरीराच्या घटकांची नुसती ओळख पटून भागत नाही, जोडीला दुसरा संदेश लागतो. तो मिळाला नाही तर शरीरावरच उलटणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. चेलनाला हेच उंदरांमध्ये दाखवायचं होतं. पण संदेश अडवलेले उंदीर ज्या खोलीत होते, फक्त तिथलाच कूलर मे महिन्यात तीन दिवस बंद होता, आणि जळगावच्या तसल्या उष्म्यानेही थायमस आक्रसतो. पेशी नेमक्या कशाने घटल्या ते कळत नाही, हेच तिने सरांना सांगितलं.

"कूलर? त्यामा काय शे?" रागाच्या भरात सर शिंदखेड्याच्या अहिराणी बोलीवर आले. "जैनाची पोर चोवीस उंदीर कापते तेव्हा पाप लागत नाही, आणि इथे सोवळं?"

"लागतं, सर. म्हणूनच त्यांच्या नावावर खोटं लिहिणार नाही."

"मग सही विसर. बस अजून दोन वर्षं."

चेलनाने निष्कर्षाचं पान फाडलं आणि प्रयोग पुन्हा करायला नव्या उंदरांच्या मागणीचा अर्ज पुढे सरकवला.

"मग यावर करा."

सरांनी पेनाला हात लावला नाही. ती उभीच राहिली.