साहेबरावांच्या डाव्या कानाची खरी हकिकत

औशाच्या साहेबरावांना डावा कान का नाही, याच्या बऱ्याच हकिकती लोक सांगतात. कुणी म्हणतं रानडुकरानं नेला. कुणी म्हणतं हैदराबादेत एका पहिलवानाशी गाठ पडली होती. साहेबराव स्वतः म्हणतात की तो जन्मापासूनच नव्हता, पण त्यांच्या लग्नाच्या फोटोत फेट्याखालून दोन्ही कान चांगले ठळक दिसतात, तेव्हा ते काही खरं नाही. खरी हकिकत एकच आहे. तो कान आभाळात गेला, औशाच्या किल्ल्याच्या बरोबर वर, आणि तो दुधाच्या दातांनी तुटला.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचे हे दिवस. जिल्हा आला, कलेक्टर आला, कलेक्टरची लाल दिव्याची गाडी आली. फक्त पाऊस आला नाही. मांजरेच्या पात्रात बाया झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. उमरीकडं तर कावळे असे तहानलेले, की माणसाला घाम फुटला की खांद्यावर येऊन बसत. अशात कुण्या कंपनीला काय सुचलं, तिनं नांदेडहून मुंबईला विमान सोडलं. वाटेत लातूरला टेकायचं. विमान म्हणजे एस्टीलाच पंख बसवल्यासारखं. पण पुढच्या दोन रांगांमागं हिरवा पडदा टांगून कंपनीनं त्याला पहिला वर्ग म्हटलं होतं.

त्या पहिल्या वर्गात, दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी उमरीचा ग्यानोबा सोनकांबळे बसला होता. रोजगार हमीवर खडी फोडून फोडून त्याचे तळहात असे झाले होते, की त्यानं टाळी वाजवली तर ठिणगी पडायची. एका बाजूला पाच वर्षांचा महेंद्र, मांडीवर तीन वर्षांची गौतमी. दोन्ही नातवंडं. त्यांचा बाप नरसिंग मुंबईला या विमानकंपनीतच कामाला. गावच्या विहिरी आटल्या तेव्हा त्यानं लेकरांना बोलावून घेतलं आणि नोकरीच्या सवलतीतून पहिल्या वर्गाची तिकिटं काढून दिली.

देताना म्हणाला होता, "बाबा, जागा तुमच्या नावाची हाय. कुणीबी ऊठ म्हणलं तर उठायचं न्हाई."

"न्हाई उठत," ग्यानोबा म्हणाला होता.

आपल्याकडं एस्टीचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, आणि म्हणून तो मोडायची कुणाची छाती होत नाही. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून दस्ती, म्हणजे आपला हातरुमाल, आत टाकायची. दस्ती जिथं पडेल ती जागा तुमची. मग खुशाल चहा पिऊन या. ग्यानोबानंही उमरीच्या स्टँडवर एकदा टाकली होती. नरसिंग तेव्हा पोटात होता आणि चांगुणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दस्ती नेमकी खिडकीच्या सीटवर पडली. दोघं आत चढेपर्यंत एका माणसानं ती काठीच्या टोकावर घेतली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि बाहेर झटकली. हात नाही लावला. चांगुणा नांदेडपर्यंत दांडा धरून उभी राहिली. पुढं त्यानं एस्टीत कधी दस्ती टाकली नाही आणि जागा रिकामी असली तरी तो बसला नाही. चांगुणा गेली, पण ते काठीचं टोक त्याच्या छातीत तसंच राहिलं.

आणि आज त्याच्या खाली निळ्या कापडाची, मऊ गादीची खुर्ची होती.

लातूरला विमान टेकलं. धावपट्टीच्या कडेला गुरांची छावणी होती, आणि उतरायच्या आधी वैमानिकाला दोनदा घिरट्या घालाव्या लागल्या, कारण म्हशी उठायला तयार नव्हत्या. विमान थांबलं, तसा महेंद्र म्हणाला, "आबा, मुतायला."

"दम धर की रं."

"दम धरला होता. आता सुटला."

ग्यानोबा दोन्ही लेकरं घेऊन काठी टेकत उतरला, छावणीच्या कुडाआड जाऊन आला. परत येऊन बघतो तर त्याच्या खुर्चीवर दस्ती. पांढरी, रेशमी काठाची, अत्तराची.

ती साहेबरावांची होती. साहेबरावांचं तिकीट पडद्यामागचं होतं, पण पडद्यामागं बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा माणूस संगप्पा, दारातून हत्ती आडवा न्यावा तेवढा रुंद, यानं वैमानिकाच्या बाजूच्या उघड्या झरोक्यातून दगड बांधून दस्ती आत फेकली होती. वैमानिकाच्या कानाजवळून ती गेली आणि बरोबर खिडकीच्या जागी पडली. संगप्पाचा नेम सगळ्या औशाला ठाऊक होता.

"ए म्हाताऱ्या," दारात उभे राहून साहेबराव म्हणाले, "दस्ती दिसंना का?"

"दिसून राहिली, मालक. पर तिकीट माझं हाय."

"तिकीट सगळ्यायकडंच हाय. दस्ती कुणाची हाय ते बघ. लेकरं घे आन् मागं जाऊन बस."

पुढच्या रांगेत रेणुकादास वकील बसले होते, काळ्या कोटात, मुंबईच्या कोर्टाकडे निघालेले. ते मान न वळवता म्हणाले, "मुळात मी म्हणतो, लहान मुलं पहिल्या वर्गात आणायचीच कशाला? नांदेडपासून हा मुलगा माझ्या पाठीत लाथा घालतोय. यांना मागे बसवलं तर सगळ्यांचीच सोय होईल."

विमानातल्या लता नावाच्या मुलीनं दोघांची तिकिटं पाहिली. तिकिटावर ग्यानोबाचं नाव चांगलं ठसठशीत होतं. पण तिचा बाप एस्टीत कंडक्टर, तिनं जन्मभर एकच न्याय पाहिलेला. ती चाचरत म्हणाली, "काका, नाव तुमचंय खरं. पण दस्ती त्यांची आहे ना."

पडद्यामागून सगळं विमान बोललं, "हाव की! दस्ती हाय म्हणल्यावर सीट त्यायचीच."

वैमानिक आतून ओरडला, "काय ते लवकर करा! म्हशी निघाल्यात इकडं!" आणि त्यानं उजवा पंखा चालू केला.

ग्यानोबानं गौतमीला खाली ठेवलं. हातातली काठी फिरवून धरली. सावकाश, अगदी सावकाश, त्यानं त्या रेशमी दस्तीखाली काठीचं टोक घातलं. ती उचलली. मेलेला उंदीर उचलावा तशी. हात नाही लावला. आणि उघड्या दारातून बाहेर झटकली.

बाहेर फिरत्या पंख्यानं ती ओढून घेतली. अशी भुगा होऊन उडाली, की छावणीतल्या एका गाईनं तिचे तुकडे कडबा समजून खाल्ले.

साहेबरावांच्या कानशिलावरची शीर तट्ट फुगली. पण म्हशी आल्या होत्या. वैमानिकानं दार ओढून घेतलं आणि विमान पळवलं. संगप्पानं मालकाला कसंबसं पडद्यामागं नेऊन बसवलं. ग्यानोबानं डोक्याचा पटका सोडला, महेंद्रला, गौतमीला आणि स्वतःला त्या जोडखुर्चीला करकचून बांधलं, पेंढी बांधावी तसं, आणि वर कंपनीचा पट्टाही लावला.

"आबा, ते येतील का?" महेंद्रनं विचारलं.

"येतील."

"मग?"

"मग काय, आपुन उठायचं न्हाई."

विमान सरळ झालं आणि पडदा फाटला. साहेबरावांच्या हातात पितळी मुठीची काठी होती. पहिला घाव ग्यानोबाच्या गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. दुसऱ्या घावाला ग्यानोबानं काठी हवेतच धरली आणि बसल्या जागेवरून उजवा हात फिरवला. ज्या हातानं काळ्या पाषाणाची खडी झाली तो हात. साहेबरावांचे पुढचे दात समोरच्या काचेवर गारांसारखे वाजले. वैमानिकाला वाटलं पाऊस आला. त्यानं हात जोडले.

"संग्या! मार त्याला!" साहेबराव तोंडातून रक्त उडवत ओरडले.

संगप्पानं कनवटीचा अडकित्ता काढला. खुर्चीच्या हातावर ग्यानोबाचा डावा पंजा होता. संगप्पानं त्यावर गुडघा दिला, अडकित्ता लावला आणि सुपारी कातरावी तशी करंगळी कातरली. मग तिच्या शेजारचं बोट. ग्यानोबाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पडद्यामागच्या बाया कान झाकून खाली वाकल्या. पण तो उठला नाही. त्यानं कपाळ पुढं हाणलं. संगप्पाचं नाक फुटलं आणि तो धाडकन आडवा झाला. पडला तो थेट वकिलांच्या अंगावर.

"ही मारहाण आहे! कलम..." एवढंच वकील म्हणाले, तेवढ्यात महेंद्रनं सकाळपासूनचं सगळं खाल्लेलं त्यांच्या काळ्या कोटावर ओकलं. तेव्हा वकिलांचंही डोकं फिरलं. त्यांनी कायदा बाजूला ठेवला आणि दिसेल त्याला बूट घालायला लागले. पहिला बूट लागला लताला, दुसरा वैमानिकाच्या मानेत.

वैमानिक हँडलावर कोसळला. विमान उजव्या अंगाला कललं.

जोडखुर्चीचे बोल्ट आधीच्या हिसक्यांनी ढिले झाले होतेच. ते कड्कड् निखळले आणि म्हातारा, दोन लेकरं, पटका, पट्टा, सगळ्यांसकट ती खुर्ची विमानाच्या मधल्या वाटेनं सुटली. उतारावर बैल सुटलेली गाडी जशी जाते, तशी. माणसांचे पाय, गुडघे, टोप्या उडवत ती शेपटापर्यंत गेली. विमान उलट कललं तशी ती परत आली. साहेबरावांचे दोन्ही पाय तिनं खालून घेतले. साहेबराव ग्यानोबाच्या मांडीवर आडवे पडले, आणि त्यांनी पडल्या पडल्या दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला.

"ऊठ," दात नसलेल्या तोंडानं ते म्हणत होते. "ऊठ म्हणतो ना. ऊठ!"

"न्हाई... उठत... साहेबराव." मालक हा शब्द त्या वेळी पहिल्यांदा त्याच्या बोलण्यातून गळला. डोळे पांढरे होत आले होते. मोडक्या हाडाचा एक हात हलत नव्हता आणि दुसरा साहेबरावांच्या अंगाखाली अडकला होता. म्हातारा बसल्या जागी मरणार, एवढंच आता बाकी होतं.

गौतमी आतापर्यंत गप्प होती. पटक्यानं तिचे हात बांधलेले, पाय बांधलेले. फक्त तोंड मोकळं होतं, आणि त्या तोंडासमोर साहेबरावांचा डावा कान होता. तिनं तो बघितला. खाली औशाचा किल्ला तिरका होऊन गेला. मग तिनं तोंड उघडलं आणि ते मिटलं, आणि विमान खाली येईपर्यंत पुन्हा उघडलं नाही.

साहेबरावांची किंकाळी लातूरच्या गंजगोलाईत ऐकू आली. तिथं व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली.

त्या किंकाळीनं वैमानिक शुद्धीवर आला. त्यानं विमान वळवलं आणि डोळे मिटून धावपट्टीवर टाकलं. ते धावपट्टी सोडून छावणीत घुसलं, कडब्याच्या गंजीत शिरलं आणि एका म्हशीच्या शिंगापासून वीतभर अलीकडं थांबलं. म्हैस उठली नाही.

फौजदार जीप घेऊन आला. आत रक्त, ओकारी, तुटलेले दात, बेशुद्ध संगप्पा, एका बुटातले वकील. साहेबराव कानाच्या जागी हात दाबून रडत होते. आणि शेपटाच्या बाजूला ती निळी खुर्ची. तिच्यावर ग्यानोबा, दोन्ही अंगाला दोन लेकरं.

"चल, उतर खाली," फौजदार म्हणाला.

"न्हाई. तिकीट मुंबईचं हाय. मुंबई आली का?"

"अरे, तुझी बोटं तुटलीत. हाड मोडलंय. दवाखान्यात चल."

"चलतो की. खुर्ची घ्या."

फौजदारानं लताकडं पाहिलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "साहेब, जागा त्यांचीच आहे. तिकीट मी स्वतः पाहिलंय."

हे तिनं आधी म्हटलं असतं तर एक कान आणि दोन बोटं वाचली असती. तिलाही ते कळलं असावं, कारण खुर्ची उचलायला पहिला हात तिनं लावला. मग हवालदारांनी लावला. ती खुर्ची, म्हातारा आणि लेकरांसकट, जीपमध्ये चढली, सरकारी दवाखान्यात गेली, चौकीत गेली. ग्यानोबानं जबानी तिच्यावर बसूनच दिली. डॉक्टरनं हाताला टाके घातले ते तिच्यावरच. दोन्ही बाजूंनी फिर्याद झाली, दोन्ही बाजूंनी ती मागं घेतली, कारण साहेबरावांना भर कोर्टात सांगावं लागलं असतं की कान कुणी तोडला.

नरसिंग आला, लेकरं घेऊन गेला. कंपनीनं ते विमान पुन्हा काही सोडलं नाही. खुर्ची मात्र कंपनीनं मागितली नाही, आणि मागितली असती तरी उमरीला येऊन ती न्यायला कोण धजलं असतं?

ती ग्यानोबाच्या अंगणात लिंबाखाली राहिली. खडी फोडणं त्याला पुढं जमलं नाही. तीन बोटांच्या पंजात छिन्नी ठरत नव्हती. तो दिवसभर खुर्चीवर बसायचा. उठून कुठं जायचं झालं, तर आपली दस्ती तिच्यावर टाकून जायचा. साधी, मळकी, भोकं पडलेली.

एका इलेक्शनला साहेबराव मतं मागत उमरीला आले. डाव्या बाजूला फेटा जरा खाली ओढलेला. ग्यानोबा बांधावर गेला होता. कार्यकर्ते म्हणाले, "साहेब, बसा की, येईल इतक्यात." अंगणात बसायला तेवढी एकच जागा होती. सुट्टीत आलेली गौतमी लिंबाखाली चिंचोके खेळत होती. तिनं मान वर करून साहेबरावांकडं पाहिलं आणि हसली. सगळे दात दिसले.

साहेबरावांनी त्या दस्तीकडं पाहिलं. काठी त्यांच्या हातात होती, तीच पितळी मुठीची. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली, मग पाठीमागं धरली.

ग्यानोबा येईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.