अप्पाजींचे कान आणि माझा आवाज

मी म्हातारा लाऊडस्पीकर आहे. मित्रांनो, दुसऱ्या कुणी म्हातारा म्हटलं की मला राग येतो, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.

कुंभकोणमच्या अप्पाजींनी आम्हा दोघा भावांना स्वतःच्या हातांनी घडवलं. वीणेला वापरतात तसलं फणसाचं लाकूड आणून त्यांनी आमची खोकी केली. अप्पाजी भजनात मृदंग वाजवतात. त्यांच्या भजनाचं रेकॉर्डिंग आमच्यातून लागलं की पाहुणे दारातच थबकायचे, आत खरंच कुणी वाजवतंय असं वाटून. तेव्हा मी जरा फुगायचोच, खोटं कशाला बोलू! पुढे मुलगा सुरेंद्र नोकरीसाठी चेन्नईला गेला आणि माझ्या डोक्यावर चष्मा, औषधं, फुलांची परडी असं काहीबाही साठत गेलं.

यंदा आयुधपूजेला अप्पाजींच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी घरातल्या सगळ्या यंत्रांना गंधकुंकू लावलं. समोरची जाळी खराब व्हायला नको म्हणून मला पाठीमागे लावलं. दुसऱ्याच दिवशी सणाला घरी आलेला सुरेंद्र गावातल्या दुकानातून नवी, उंच, चकचकीत जोडी घेऊन आला.

"अप्पा, दुकानदारानं संध्याकाळपर्यंत ऐकायला दिलीय," तो म्हणाला. "दोन्ही ऐकू. जुनी हरली तर भंगारात देऊ."

"सरि, चालेल, ऐकू की," अप्पाजी म्हणाले आणि ताठ बसले.

सुरेंद्रनं आमच्या तारा काढल्या, नवी जोडी लावली आणि भजन सुरू केलं. छान वाजली मेली! मग तारा पुन्हा आम्हाला जोडल्या. माझ्या पाठीला दोन खुंट्या आहेत, एक लाल आणि एक काळी. लाल खुंटी विटून पांढुरकी झालेली, आणि काळीच्या बरोबर डोक्यावर मीनाक्षीबाईंचं कुंकू. सुरेंद्रनं कुंकवाची खुंटी लाल समजून माझी तार उलटी जोडली, भावाची मात्र सरळ.

मित्रांनो, जोडीतल्या एकाची तार उलटी झाली की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खर्जाचा आवाज मधल्यामध्ये जिरून जातो. मृदंग असा पोकळ वाजू लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आमच्या जातीला तारेतून येईल तेवढंच बोलता येतं.

"बघा अप्पा, काही दम नाही," सुरेंद्र म्हणाला.

अप्पाजी पुढे वाकले. एक कान लावला, मग दुसरा. त्यांचा चेहरा उतरला.

"काल तर बरा वाजत होता," ते हळू म्हणाले. "आज माझाच मृदंग मला ओळखू येईना. स्पीकर एका रात्रीत कसा बिघडेल? माझेच कान गेले, सुरेंद्रा. शनिवारच्या भजनाला दुसरा कुणी बघायला सांग. मी आता वाजवत नाही."

अय्यो! मी हरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण माझ्यामुळे हा माणूस मृदंग सोडणार? माझ्या अंगातलं लाकूड न लाकूड थरथरत होतं. सुरेंद्रनं भंगारवाल्याला फोन लावला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला.

तेवढ्यात मीनाक्षीबाई ओलं फडकं घेऊन आल्या. "थांब रे. देवाचं कुंकू अंगावर असताना भंगारात देऊ नये."

त्यांनी माझी पाठ पुसली आणि हात थांबला. "अरे, ही खुंटी काळी की! इथे लाल तार कशी काय?"

सुरेंद्र धावत आला. बघताच त्यानं कपाळावर हात मारला. पटकन तारा बदलल्या, भजन पुन्हा लावलं. पहिल्याच थापेला खिडकीचं तावदान हललं! अप्पाजींचे डोळे भरून आले. बोटं आपोआप मांडीवर वाजू लागली.

"वाजवणार रे," ते म्हणाले. "शनिवारी मीच वाजवणार."

मग त्यांनी दोन्ही जोड्या पुन्हा आलटून पालटून ऐकल्या. मी जीव तोडून गायलो. शेवटी ते म्हणाले, "नवी जोडी चांगली आहे. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. नवीच ठेव."

सुरेंद्रनं आमच्याकडे बोट दाखवलं. "मग ही भंगारात?"

"भंगारात काय म्हणून? जवळच्या तिरुवलंचुळी गावच्या हरिकृष्णाकडे मृदंग शिकायला मुलं बसतात, तिथे पोचव."

होय, मित्रांनो, मी हरलो. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ज्यांच्या कानांनी मला घडवलं, त्याच शाबूत कानांनी मला नीट ऐकून हरवलं. तुम्हीही जुनं खुशाल बदला. एवढंच करा, टाकण्याआधी त्याची तार एकदा सरळ जोडून बघा.