पट्ट्याखालचा फोटो

"चपला आत घ्या मॅडम, बाहेर ठेवल्या की जातात," दार उघडत गोजरा म्हणाली.

नंदिनीमॅडमनी निमूटपणे चपला आत घेतल्या. कोपरखैरण्यातला हा तिसरा मजला, लिफ्टचा पत्ता नाही आणि त्यांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. रविवारची दुपार घरी आडवं पडून काढली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण गोजराची ईश्वरी बुधवारपासून शाळेत आली नव्हती, आणि का आली नव्हती हे तिच्या वर्गशिक्षिकेला पक्कं ठाऊक होतं.

नववीच्या पोरांनी इन्स्टाग्रामवर एक पेज काढलं होतं. वर्गातल्या कुणाकुणाचे फोटो टाकायचे आणि खाली टवाळी करायची, एवढाच उद्योग. त्यात बाकावर झोपलेली ईश्वरी आली. तोंड उघडं, वहीवर लाळ. तसं शाळेने सगळं यथासांग केलं होतं. फाटकाशी मोबाईल जमा करायची पेटी, तज्ज्ञांचं व्याख्यान, पोस्टर स्पर्धा. तरी कुणीतरी मोबाईल आत नेलाच. मुख्याध्यापक नंदकिशोर सर म्हणाले, "पालकांना जागं करा मॅडम. फोटोच टाका पालकांच्या ग्रुपवर. नाव, चेहरा झाकला म्हणजे झालं."

मॅडमनी मोबाईलमधल्या काळ्या पेनाने झाकायला घेतलं आणि उगाच कमी नको म्हणून जवळजवळ सगळा फोटोच काळा केला. खाली लिहिलं, 'आपली मुलं काय करतात, याकडे लक्ष द्या.' झालं. ते पेन निघालं मार्करचं, अर्धवट पारदर्शक. उजेड वाढवला की खालचं सगळं दिसतं, हे पोरांनी आईबापांच्या मोबाईलवर लगेच शोधून काढलं. मोठ्यांना ते जमलं नाही. त्यांना मुलीचं नाव तेवढं पोरांकडून कळलं, आणि काळ्या पट्ट्याखाली काय असेल ते ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं.

"ह्यांनी बोलणंच टाकलंय," गोजरा हळू आवाजात म्हणाली. "शाळा बंद म्हनाले. मी जेवणाचे डबे देते त्या बायका पन विचारतात, काय गं झालं पोरीचं? काय सांगू?"

आतल्या खोलीत जोतीराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. तुर्भ्याच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा राहणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी असा.

ईश्वरी पाणी घेऊन आली. ग्लास ठेवला, पण गेली नाही.

"पोरं हसली ते चाललं असतं मॅडम. पेज काढणाऱ्या अभिरामला मी वर्गातच सुनावलं होतं. पण तुमी टाकलंत ना, मग बाबांना वाटलं, मॅडमनी झाकलंय म्हणजे काहीतरी घाणच असणार."

नंदिनीमॅडमनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. एवढी वर्षं शिकवलं आणि हे केलं.

"उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागते तुझी."

"नको ना मॅडम. परत सगळे तेच काढतील."

"बाबांना सांगितलं नाहीस काय होतं ते?"

"ते ऐकूनच घेत नाहीत. दाखवायला माझ्याकडे फोटो नाय. पेज तर उडवलं पोरांनी. ग्रुपवरचा बाबांच्या मोबाईलमध्ये, त्याला हात लावू देत नाहीत."

खरा फोटो मॅडमच्या मोबाईलमध्ये होता. त्या तो घेऊन उठल्यादेखील, आणि थांबल्या. पोरांनी ईश्वरीला विचारलं नव्हतं, सरांनी विचारलं नव्हतं आणि आपणही नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ईश्वरी, दाखवू का त्यांना? तू नाही म्हणालीस तर नाही दाखवणार."

ईश्वरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने मान हलवली. हो.

जोतीरामने मोबाईल घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"झोपलीय," तो म्हणाला. "नुसती झोपलीय ही."

"हो."

"बाहीला पीठ हाय."

गोजरा ओट्याकडे वळली. डब्यांची गिऱ्हाइकं वाढली होती, डबे वाढले होते, आणि पोरगी अंधारात उठून चपात्या लाटायला बसत होती. जोतीराम तेव्हा घोरत असे. कुणी कुणाला दोष दिला नाही. द्यायचं त्राणही कुणात नव्हतं.

"पहाटं मला उठवत जा," तो बायकोला म्हणाला. "तिला नको."

नंदिनीमॅडमनी मोबाईल परत घेतला आणि ईश्वरीपुढे धरला. "तूच काढून टाक."

तिने फोटो काढून टाकला. मग वळून, ग्रुपवरच्या काळ्या फोटोसाठी, वडिलांपुढे हात पसरला. जोतीरामने खिशातून आपला मोबाईल काढला, लॉक उघडलं आणि तो तिच्या हातावर ठेवला.