कराचीचे बूट

कराचीहून कागद आला की कमळाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

कागद यायचा तिच्या धाकट्या जावेचा, कलावतीचा. कलावतीचा नवरा आनंदा सात वर्षांपूर्वी एका मुकादमाबरोबर कराचीच्या मिठागरावर गेला आणि बायकोलाही घेऊन गेला. पुढे देश दुभंगला, तिथली पुष्कळ मराठी माणसं बोटीत बसून परत आली. आनंदाला मात्र मालकाने सोडलं नाही. जिभेच्या टोकावर थेंब ठेवून पाणी मीठ धरण्याइतकं पिकलं की नाही ते सांगणारा माणूस त्याला दुसरा मिळत नव्हता.

श्रावणात आलेला कागद कमळाबाई पदराखाली झाकून भाऊमास्तरांकडे घेऊन गेली. मास्तर खाडीकाठच्या बाळकुमच्या शाळेत शिकवायचे आणि गावाची पत्रं वाचून द्यायचे. चष्मा पुसून ते वाचू लागले.

"जाऊबाईंस साष्टांग नमस्कार. इथे आम्ही खुशाल आहोत. ह्यांचा पगार आता साठ रुपये झाला. इथे पाऊस फारसा पडत नाही, म्हणून बाराही महिने काम आणि बाराही महिने पगार. मिठाच्या कोंडीचा तळ पायांनी तुडवावा लागत नाही, दगडी रूळ फिरवतात. मलाही मीठ ओढायचं काम आहे. इथे आल्यापासून बायकांनासुद्धा मालकाचे रबरी बूट आहेत, हे मागे लिहायचं राहिलं. पायाला खारं पाणी म्हणून लागत नाही..."

"बायकांना पन बूट?" कमळाबाईने मध्येच विचारलं.

"असं लिहिलंय खरं."

"साठ रुपये. म्हंजे आमच्या ह्यांच्या दुपटीनं..."

"तसं नाही हो कमळाबाई. त्यांचा रुपया आता आपल्या रुपयाहून वजनदार झालाय. त्यांचे शंभर म्हणजे आपले एकशे चव्वेचाळीस. साठाचे शहाऐंशीच्या वर गेले."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. गोविंदा, तिचा नवरा, दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेला होता, कारण पावसाळ्यात मिठागर बंद आणि मजुरीही बंद. तिने आपल्या टाचा पाहिल्या. खाऱ्या पाण्याने त्यांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा गेल्या होत्या.

"मास्तर," ती म्हणाली, "तिचा रुपया पन माज्या रुपयापरीस मोठा?"

मास्तर हसले. तिला हसू आलं नाही.

"लिवा जबाब," ती मांडी ठोकून बसली. "लिवा, आता आपला राज आलाय. हितं पन बूट मिलाले. पावसाल्यात घरबसल्या पगार मिलतो. आगरावर सावलीला मांडव हाय, पोरांना दूध मिलतं."

मास्तरांची लेखणी थांबली. "कमळाबाई, हे कधी झालं?"

"होनार हाय का नाय? सभेत पुढारी सांगून नाय गेले? मग लिवा. दोन म्हयने आधी लिवलं तर काय पाप लागतंय?"

मास्तरांनी लिहिलं. त्या रात्री कमळाबाई पोटभर जेवली.

दिवाळीनंतर मिठागराच्या कोंड्या धुतल्या गेल्या, तळ तुडवण्याचे दिवस आले. बाळकुमच्या बायका हातात हात गुंफून ओळीने चिखलात उभ्या राहतात आणि गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकतात. पाय सारखे पडले तर तळ सारखा बसतो, तळ सारखा तर मीठ पांढरं. म्हणून ओळीत पुढली बाई ठेका देते, ओवी उचलते, आणि तिचे शेवटचे शब्द साऱ्या जणी म्हणतात. मग नवी ओवी ओळीतली कुणीही उचलावी, पण जिला उद्देशून ती असेल तिला उत्तराची ओवी द्यावीच लागते. पाय थांबता कामा नये.

ही पुढली जागा पूर्वी कलावतीची होती. तिचा गळा असा, की कळव्याच्या बाजूचे नाववाले वल्ही धरून थांबत. ती गेली तेव्हा जागा कमळाबाईला मिळाली. सात वर्षं ती जागा तिची होती. साऱ्या दुनियेत एवढी एकच गोष्ट कलावतीकडे नव्हती आणि तिच्याकडे होती.

आणि एका सकाळी दारात टांगा थांबला. आनंदा उतरला, पाठोपाठ पत्र्याची ट्रंक, पाठोपाठ कलावती.

"जाऊबाय!" ती उंबऱ्याबाहेरूनच ओरडली. "आलो गो आमी कायमचे!"

कमळाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कायमचे?"

"तुजा कागूद वाचला आनि ह्यांना बोलले, आपल्या गावात बूट मिलतात, पगार मिलतो, मग परमुलखात कशाला ऱ्हायाचं? मालक रागावला. यायाचा परवाना मिलाला, पन परत जायाचा मिलत नाय. नाय तर नाय!"

दारी आलेल्या जावेचे पाय धुवायचे, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, ही रीत. कमळाबाई खाली बसली. पाणी घातलं. कलावतीचे तळवे तिच्या हातात आले आणि ती दचकली. मऊ. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या तळव्यासारखे गुलाबी. श्रावणापासून ज्या पायांचा हेवा केला ते हे पाय. हातात धरूनसुद्धा हेवा कमी होईना, आणि त्यातच उद्या हे पाय खाऱ्या चिखलात पडतील हे आठवलं.

"बूट कुटं हायत तुजे?" तिने खाली मान घालूनच विचारलं.

"शेजारच्या बाईला दिले. तिला लय हौस. हितं नवे मिलनार ना?"

गोविंदाने बायकोकडे पाहिलं. त्याला जबाबाचं काही ठाऊक नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्याने वाचला. तो आनंदाला घेऊन मुकाट्याने खाडीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कलावती ओळीपाशी आली. सगळ्यांचे अनवाणी पाय पाहिले, मांडव कुठे दिसतो का पाहिलं. वाटत असेल, बूट दुपारी येतील. कमळाबाईने तिला आपल्या शेजारी घेतलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या तेलात भिजवून आणल्या होत्या, त्या तिच्या पायाला बांधू लागली.

"ह्या कशाला गो?"

कमळाबाईने पुढली जागा धरली, ठेका दिला.

"पाय पडं पायावरी, चिखल झाला काला,
खाडीबायच्या पोटी गोरा बाल आला."

गोरा बाल आला, म्हणत वीस पाय पडले. कलावतीने चिखलात पाय टाकला, शिंपलीच्या धारेने तळवा कापला. खारं पाणी चिंध्यांतून आत शिरलं आणि तिने दात आवळून श्वास ओढला. हातात गुंफलेला तिचा हात ताठ झाल्याचं कमळाबाईला कळलं. दुसरं पाऊल. तिसरं. चिंधी लाल होऊ लागली.

घरात, चुलीपाशी, हे कधीच सांगता आलं नसतं. ओळीतून पळता येत नाही. कमळाबाईने डोळे मिटले आणि ओवी उचलली.

"कराचीच्या जावंला खोटा सांगावा पाठवला,
माज्या हेव्यानं तिचा संसार उठवला."

बायकांनी सवयीने संसार उठवला म्हटलं आणि मग त्यांना अर्थ लागला. कुणी कुणाकडे पाहीना. पाय तेवढे पडत होते. कलावतीचा हात सैल झाला. सुटणार, असं कमळाबाईला वाटलं. एक पाऊल गेलं, चार गेली, दहा गेली. ओवीला उत्तर नाही असं त्या आगरावर कधी घडलं नव्हतं.

मग तो गळा उठला. तोच, नाववाल्यांना थांबवणारा.

"सात वर्सं बुटांमंदी पाय गेले झोपी,
मिठानं जागे केले, जाव माजी पापी!"

पहिल्यांदा ओळीतली गोदा हसली, मग साऱ्या जणी. जाव माजी पापी, जाव माजी पापी, म्हणत वीस पाय चिखलावर आदळले. पुढे उभ्या कमळाबाईलाही म्हणावंच लागलं. कलावती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण हात तिने सोडला नव्हता, उलट नखं रुतवली होती.

"मीठ निघंस्तवर रोज म्हनाया लावीन तुला," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"म्हनंन," कमळाबाई म्हणाली. थोडी मागे सरली आणि तिला पुढे केलं. "ठेका तू दे."

कलावतीने ठेका दिला. कमळाबाई मागून पाय टाकत राहिली, आपल्याच पापाच्या तालावर. हात दुखत होता, डोळे चुरचुरत होते, आणि मनात एकच गोष्ट सलत होती. किती झकास जुळवलं मेलीने! झोपी आणि पापी. सात वर्षं पुढे उभी राहून असलं एक कडवं आपल्याला कधी सुचलं नाही.