तळ निखळला

कानाझावात नोव्हेंबर उजाडला की उन्हाळ्याची शेगडी आत जाते, जमिनीतली चौकोनी चूल उघडते, आणि त्या दिवशी कुरामित्सुबाई त्यांची जुनी किटली बाहेर काढतात. साडेतीनशे वर्षांची, ओतीव लोखंडाची, बिनतोटीची, अंगावर पाइनची झाडं ओतलेली, सासूकडून आलेली. मी ओरिए. बावीस वर्षं बाईंकडे चहाविधी शिकतेय. विधी आटोपला की किटली रिकामी करून निखाऱ्यांच्या धगीवर कोरडी करायची, हे काम गेली दहा वर्षं माझंच.

या वेळी पाच पाहुण्या होत्या. मानाच्या जागी बाईंची नणंद, किनुयोकाकू. उकळत्या पाण्याचा छान सूर लागला होता. बाईंनी पळी उचलली, तेवढ्यात ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि किटलीचा तळच निखळून चुलीत पडला.

फस्सकन वाफ उसळली. राखेचा लोट थेट छतापर्यंत गेला. खोलीत काही दिसेना. नशीब, कुणाला भाजलं नाही. राख खाली बसली तेव्हा पाचही जणींचे किमोनो करडे झाले होते, आणि बाई हातात पळी धरून होत्या तशाच बसलेल्या.

पहिल्या बोलल्या त्या किनुयोकाकू. माझ्याकडे बघून.

“ओली ठेवलीस ना? माझ्या आईनं जन्मभर जपलेली वस्तू! दहा वर्षांत पुसायचीही अक्कल आली नाही तुला?”

ठेवली असेन का ओली? गेल्या वर्षीचा तो दिवस मी मनात दहादा उलटून पाहिला, पण काही केल्या खात्री होईना.

दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन मी इवाकुरा ओताऱ्यांकडे गेले. त्यांनी किटली उजेडाकडे धरली, आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हिचा तळ पूर्वीही एकदा बदललाय, आच सोसणाऱ्या लाखेनं जोडलेला. ती लाख खरवडून काढलीय कुणीतरी. आणि हे बघा.”

मी वाकून पाहिलं. आतून किटली लखलखत होती. शेकडो वर्षांचा, लोखंड राखणारा तो तांबूस थर, ज्याला बोट लावायचं नाही म्हणून बाईंनी माझ्या हातावर चापट मारली होती, तो कुठेच नव्हता. सगळीकडे तारेच्या घासणीचे ओरखडे.

“कुणी केलं हे?” मी विचारलं.

“मी,” बाई म्हणाल्या. अगदी सहज. “रोज घासते. किती गंज चढला होता! सासूबाई परवा येतायत ना, त्यांनी पाहिलं तर मला घरात ठेवतील का?”

सासूबाईंना जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती.

इवाकुरांनी मान खाली घातली. किटली फुटली तेव्हाही मी एवढी हादरले नव्हते. बाई मात्र माझ्याकडे बघून हसल्या, “अगं, रंग का उडालाय तुझा? चल, थंडी पडलीय.”

संध्याकाळी मी किनुयोकाकूंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

“गेल्या महिन्यात वहिनी मला ‘आई’ म्हणाली,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, चिडवतेय. मी उलट हसले गं.” मग रडत रडतच म्हणाल्या, “तुला नको ते बोलले मी.”

गुरुवारी त्या डॉक्टरांची वेळ घेऊन आल्या, अंथरुणाची वळकटीही बरोबर. वहिनीकडेच राहायला.

इवाकुरांनी मार्चमध्ये नवा तळ बसवून दिला. आतला थर धरायला पुन्हा किती वर्षं लागतील, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. किटली आता माझ्या घरी असते. दर मंगळवारी मी ती बाईंकडे घेऊन जाते. चुलीवर ठेवून उचलायच्या दोन्ही कड्या काढते, आणि पाण्याचा सूर लागेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.