जिभेला चिकटलेला दगड

कप-बश्यांच्या कारखान्याचं अंगण माणसांनी गच्च भरलं होतं. मधोमध स्टुलावर तिथेच कामाला असलेल्या चिमणीचा थोरला भाऊ बसला होता आणि त्याच्या मुठीत पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप वळवळत होता.

"मण्यार आहे, मण्यार! नाग निदान फणा काढून सांगतो तरी. ही बाई न विचारताच न्यायला येते!"

लोक हसले. तेवढ्यात सापाने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि हसू जागच्या जागी विरलं. रक्त आलं. दादाने त्यावर राखाडी दगड ठेवला आणि हात उलटा केला. दगड पडेना.

"पितोय बघा! पोट भरलं की आपण होऊन सुटेल."

सुटलेला दगड त्याने दुधात टाकला. बुडबुड बुडबुड सुरू झालं.

"विष ओकतोय! मागे व्हा गं, शिंतोडा उडाला तर मला बोल लावू नका."

भट्टीतून भाजून निघालेले कप तपासणारी चिमणी पुढच्याच रांगेत होती. आई गेल्यावर तिच्या वेण्या घातल्या त्या याच दादाने. लोक त्याला हात जोडायचे, तेव्हा तिचीच मान ताठ व्हायची.

पुढे थोड्याच दिवसांत एका सकाळी तिचा नवरा अंथरुणातून उठेचना. चाकावर कप घडवणारा हा माणूस एरवी सगळ्यांच्या आधी कामावर हजर असायचा.

"पोट पिळवटतंय," तो म्हणाला. शब्द नाकातून येत होते, पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. जमिनीवरच्या अंथरुणाची उशी उचलली, तर खाली काळं वेटोळं! त्याच्या दंडावर सुईने टोचल्यासारख्या दोन खुणा होत्या. ना सूज, ना ठणका.

शेजारचा भट्टीवाला म्हणाला, "टेम्पो काढतो. दवाखाना गाठू."

"घरात दादा असताना?" चिमणी त्याच्यावरच उसळली.

दादा आला. काठीने साप मडक्यात ढकलताना त्याने तो नीट पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने दाराकडे पाहिलं. दारात माणसांची दाटी झाली होती. त्याने दगड काढला. दंडावर रक्त नव्हतं, दगड घसरून पडला. त्याने ब्लेडने चीर दिली. आता चिकटला. दारातून "वा!" उमटलं. दुसरा दगड चिमणीच्या मुठीत देत तो म्हणाला, "हा सुटला की तो लाव. दाजींना काही होत नाही."

पण दाजींना थुंकी गिळता येईना. छाती जेमतेम हलू लागली. शेवटी भट्टीवाल्याने कुणाला न विचारता त्यांना उचलून टेम्पोत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी प्रतिविषाची सलाईन लावली, घशात नळी घालून श्वासाचं यंत्र जोडलं.

"मण्यार चावलीय. हिचा दंश दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. विष नसा बधिर करतं, मग श्वास थांबतो. इतका उशीर का केलात?"

"माझा दादा साप धरतो, त्याला तर ती नेहमीच चावते, बाई. त्याला काही होत नाही."

"त्याच्या सापाचे पट्टे ठळक कुठे आहेत? मानेजवळ की शेपटीकडे?"

"मानेजवळ."

"मग तो कवड्या. दिसायला मण्यारीसारखाच, पण बिनविषारी. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, मानेजवळ पुसट. साप धरणाऱ्याला हे ठाऊक असणारच."

चिमणी बाकावर येऊन बसली. दुसरा दगड अजून मुठीतच होता. कप हातात आला की तपासायला ती जे करायची, तेच नकळत केलं: दगड जिभेला लावला. चटकन चिकटला.

पहिल्या भट्टीतून निघालेला, चकाकी न चढवलेला कोरडा कप असाच जिभेला चिकटतो. त्याला बारीक बारीक छिद्रं असतात; ती ओल शोषतात. पाण्यात बुडवला की छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन निघते. दुधाचंही तेच. अख्खा कारखाना यावर पोट भरत होता, आणि अंगणात तोंडाचा आ करून तेच बघत होता!

नवऱ्याने स्वतःहून श्वास घेतल्यावरच ती कारखान्यात आली. दादाभोवती गर्दी होतीच.

"चिमे, दाजी कसे आहेत गं?"

"तू साप ओळखला होतास."

तो हळूच म्हणाला, "इथे नको. घरी बोलू."

"ओळखला होतास की नाही?"

"सगळे बघत होते गं. कसं सांगणार होतो, दवाखान्यात न्या म्हणून?"

चिमणीला वाटलं, रडू येईल. आलं नाही. सापाला निदान चावलेला माणूस कुणाचा कोण हे माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं.

तिने फळीवरचा चकाकी न चढवलेला कप फोडला. त्याच्या धारेने बोट कापून घेतलं आणि तुकडा त्या रक्तावर दाबला. हात उलटा केला. तुकडा पडला नाही. मग तो दुधात टाकला. बुडबुड बुडबुड सुरू झालं.

"मला कुणी चावलंय का? मग हा काय पितोय?" ती गर्दीला म्हणाली. "साप चावला तर चिरू नका, दगड लावू नका. माणसाला हलू देऊ नका, उचलून थेट दवाखान्यात न्या. आणि मध्ये कुणी आडवं आलं, तर ते आपलं कोण लागतं हे बघत बसू नका. मी बघत बसले होते."